चित्र तुटू द्यायचं नाही

नमस्कार साहेब. हो, दिसताय तुम्ही. शेजारी लिहून घेणाऱ्या बाई दिसतात, मागची खिडकी दिसते, तुमच्यासमोर आत्ताच ठेवलेला चहा दिसतो. त्याची वाफसुद्धा दिसते. घ्या ना, गरम आहे तोवर घ्या. माझी साक्ष काही पळून जात नाही.

मी नितेश किसनराव इंगोले, वय छत्तीस, राहणार अमरावती. मोबाईलच्या नेटवर्कवरून जिवंत चित्र इकडून तिकडं पाठवायचं, हे माझं काम. पुण्याच्या समितीपुढं बोलायचं म्हणून मी मला-तुला करून बोलतोय. राग आला की मले-तुले होतं, तेवढं सांभाळून घ्या. आणि राग मला लवकर येतो.

इथं दुपारचा एक वाजतोय. ऑक्टोबरचं ऊन आहे, सकाळपासून लाइट नाही, पंखा बंद आहे आणि मी बॅटरीवर बोलून राहिलो. खिडक्या लावल्यात, तरी फवारणीच्या औषधाचा वास येतोय, सडक्या लसणासारखा. भर शहरात, तिसऱ्या मजल्यावर, कोण फवारून राहिलं देव जाणे. असो.

पुण्याहून अमरावतीला गाडी येते, साहेब. अमरावतीहून भातकुली तर इतकं जवळ की तोंडातलं पान संपायच्या आत येतं. पण तीन वर्षांत तुमच्या आरोग्य खात्यातल्या एकाच्याही बुटाला तिथली काळी माती लागली नाही. आधीच्या समितीनं अमरावतीतल्या थंडगार हॉलमध्ये बसून एका बाईच्या मरणाचा निकाल लावला. तुम्ही त्यांच्याही पुढं गेलात, खुर्चीतून उठलाच नाहीत. साक्ष व्हिडिओवर घेऊन राहिले. आणि तीही कशावर? माझ्याच प्रोग्रॅमवर, ज्याच्यापायी ती बाई गेली त्याच्यावर. तुमच्या खात्याला तो इतका आवडला की सगळीकडे बसवून टाकला. वा साहेब, वा!

मान डोलावताय, म्हणजे ऐकू येतंय. बरं.

प्रश्न एकच आहे. भातकुलीकडच्या एका गावात, आमच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीत, पार्बताबाई मेली. ती गाडीतल्या नर्सच्या, यास्मीन सिस्टरच्या चुकीनं मेली का? आधीची समिती म्हणाली, हो. सिस्टरची नोकरी गेली, नाव काळं झालं. आता तुम्ही ते प्रकरण उघडलंय आणि आजच्या माझ्या साक्षीवर ते कायमचं बंद होणार आहे. तर लिहून घ्या बाई. यास्मीन सिस्टरची काडीचीही चूक नव्हती. त्या दिवसाची संगणकातली नोंद माझ्याकडं आहे. ती फाइलसुद्धा या बोलण्यासोबतच पाठवून राहिलो. पोचली की सांगा.

ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. वऱ्हाडात तेव्हा पिकापेक्षा समित्या जास्त उगवायच्या. पांढऱ्या गाड्या यायच्या, कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून साहेबलोक फोटो काढायचे, बाटलीतलं पाणी प्यायचे आणि ऊन लागायच्या आत परत फिरायचे. जाताना प्रत्येक जण एक योजना टाकून जायचा. त्यातलीच एक आमची. डॉक्टर काही खेड्यात राहत नाही, मग निदान त्याचे डोळे पाठवा. गाडीत एक खाट, औषधांचं कपाट, एक नर्स, एक ड्रायव्हर आणि खाटेच्या वर कॅमेरा. डॉक्टर अकोल्यात एसी लावून बसणार आणि तीन पडद्यांवर तीन गाड्या पाहणार. ज्या कंपनीला हे काम मिळालं तिचा मालक, म्हणजे आमचा साहेब, भाषणात सांगायचा, डॉक्टर तुमच्या दारी. दारी कुठला? तो अकोल्यात चिवडा खात बसलेला असायचा.

चित्र पोचवायचं काम माझ्याकडं. ते कसं पोचतं हे सांगितल्याशिवाय पुढचं तुमच्या डोक्यात शिरणार नाही, म्हणून सांगतो. कॅमेऱ्यातल्या चित्राचे बारीक चौकोनी तुकडे करतात. ते तुकडे हवेतून मोबाईलच्या टॉवरवर जातात आणि तिथून पुढं. वाटेत हरवतात. शहरात शंभरातले दोन हरवतील, खेड्यात शंभरातले तीसही हरवतात. जिवंत चित्रात हरवलेला तुकडा परत मागवायला वेळ नसतो. तो येईपर्यंत माणूस हललेला असतो. म्हणून रिकाम्या जागी काहीतरी भरावं लागतं. मागच्या चित्रातला तोच तुकडा उचलायचा, माणूस ज्या बाजूला हलत होता त्या बाजूला जरासा सरकवायचा आणि चिकटवायचा. आम्ही त्याला भरणी म्हणायचो. पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही.

मी इमानदारीनं दोन गोष्टी ठेवल्या होत्या. भरलेला तुकडा करडा दिसायचा, म्हणजे डॉक्टरला कळावं की हा खरा नाही. आणि सलग दोन सेकंद काहीच आलं नाही तर चौकट पूर्ण काळी व्हायची.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आमच्या साहेबानं ते करडे चौकोन पाहिले.

"हे काय खरूज झाल्यासारखं दिसून राहिलं बे?"

"तुकडे हरवले ते, साहेब. डॉक्टरले कळलं पाहिजे."

"डॉक्टरले काय कळाचं ते कळते. उद्या पाहुणे येऊन राहिले. चित्र तुटू द्यायचं नाही. समजलं?"

समजलं ना! मी मोठा समजदार. करडा रंग काढला, दोन सेकंदांची मर्यादा काढली. वर माझी हुशारी दाखवायची म्हणून आणखी एक केलं. खाटेवरचा माणूस श्वास घेत असेल तर त्याच्या छातीचं वरखाली होणं प्रोग्रॅम लक्षात ठेवायचा आणि तुकडे आले नाहीत तरी तेच पुढं चालू ठेवायचा. गाडीत चार कंपन्यांची चार सिमं टाकली, एक बंद पडलं तर दुसरं. ती चारही त्या गावात एकाच टॉवरवर लटकलेली होती, हे पाहायचं कष्ट मी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मर्यादा परत घालू म्हटलं, उद्या. तो उद्या काही आला नाही, कारण कौतुक खाऊन माझं पोट भरलं होतं.

आणखी एक लहान चौकट मी केली होती. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढी. समोरच्याला आपण कसे दिसतो ते चित्र परत आणून दाखवणारी. ती आत्ताही आहे माझ्यासमोर. त्यात मी बसलेला दिसतो, घामेजलेला. असं थोबाड घेऊन मी साक्ष देतोय.

फाइल पोचली का, साहेब? मान डोलावली तुम्ही. ठीक.

तर तो दिवस. असंच ऑक्टोबरचं ऊन. कपाशी छातीला लागलेली आणि फवारणी जोरात. पाठीवर पंप, तोंडाला पदर, आणि वारा उलटा. त्या उंच कपाशीत फवारलेलं सगळं परत तोंडावरच येतं. पार्बताबाई दुसऱ्याच्या शेतात फवारायला गेली होती. नत्थुजी नावाचा म्हातारा तिच्या सोबतीला होता. दोघंही बांधावर कोसळले. घाम, तोंडातून लाळ, हातापायाला कंप, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आमचा ड्रायव्हर खुशालराव शेतातूनच दोघांना गाडीत घालून घेऊन आला.

मी अकोल्यात डॉक्टरशेजारी बसलो होतो. यास्मीन सिस्टरनं पडद्यावर आमच्या डोळ्यांदेखत दोघांना सुई दिली. गाडीत खाट एकच, ती बाईला दिली. म्हाताऱ्याला खाली लिंबाच्या सावलीत चादरीवर झोपवलं. त्याला झटके येत होते.

"सिस्टर, बाई स्थिर आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही म्हाताऱ्याकडं बघा."

"सर, ही एकटी राहीन गाडीत. तिच्या छातीत घरघर हाय अजून."

"मला दिसतंय ना इथं! माझी नजर आहे तिच्यावर. काही वाटलं तर फोन करतो. जा तुम्ही."

सिस्टर दोनदा मागं वळून पाहत उतरली. ते मला दिसलं होतं. हे वाक्य नीट लिहून घ्या बाई, दोनदा वळून पाहिलं तिनं.

तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तोवर गावभर बोभाटा झाला होता की दोन माणसं विषानं पडली. अख्खं गाव फोन काढून बसलं. कोणी भातकुलीला लावतो, कोणी पोराला अमरावतीला, कोणी गाडीवाल्याला. आता टॉवरवर गर्दी झाली की मोबाईल कंपनी आधी बोलणं सांभाळते, आणि आमच्यासारख्यांचं चित्र बाहेर हाकलते. मदत मागायला गाव जितकं ओरडलं, तितकी मदतीची वाट बंद झाली. एक वाजून बारा मिनिटांनी शेवटचा तुकडा आला. त्यानंतर काहीच नाही. चारही सिमं मुकी.

आणि आमच्या पडद्यावर? पडद्यावर पार्बताबाई श्वास घेत होती. झकास! एक रेघ हलली नाही. मी डॉक्टरकडं पाहिलं, डॉक्टरनं माझी पाठ थोपटली. "काय चित्र आहे यार! खेड्यातून येतंय हे?" माझ्या लॅपटॉपवर किती तुकडे आले हे सांगणारी खिडकी होती, ती मी खाली दाबून ठेवली होती. चित्र इतकं सुरेख असताना आकडे कोण पाहतो? हा माझा मोठेपणा. थू त्याच्यावर.

डॉक्टर आळशी असला तरी एक काम त्यानं केलं. घड्याळ लावून तो बाईचे श्वास मोजत राहिला, कागदावर लिहीत राहिला. सव्वा वाजता मिनिटाला चौतीस. एक वीसला अठ्ठावीस. "बघ, सुई लागू पडली. सुधारतेय बाई." मीही मान डोलावली.

तेव्हाच वास आला. एसीची बंद खोली, दुसऱ्या मजल्यावर, आणि सडक्या लसणाचा वास. डॉक्टरनं नाक वर केलं.

"कसला वास येतोय रे?"

"खालून काही येत असेल, सर."

एक पंचवीसला बाईनं डोळे उघडले. मान हलवली नाही. फक्त डोळे वळवले आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं, म्हणजे आमच्याकडं. ओठ हलले. आवाज येत नव्हता. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "शुद्धीवर आली!" मला मात्र ती नजर पटली नाही. आजारी माणूस असा पाहत नाही, साहेब. कोण कोण आलंय ते दारात उभं राहून पाहावं, तशी ती आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहत होती.

एक सत्तावीसला श्वास अठरा. अगदी ठणठणीत माणसाचा. डॉक्टरनं पेन खाली ठेवला.

एक एकतीसला त्यांचा मोबाईल वाजला. यास्मीन सिस्टर. मी कान लावला तेव्हा ती हुंदके देत होती.

"सर... बाई गेली."

"काय बोलताय? माझ्यासमोर आहे ती. श्वास चालू आहे, डोळे उघडे आहेत."

"नाई सर... मी तिच्यापाशीच उभी हाय. नाडी नाई, काई नाई. कवाचीच गेली सर... या अल्ला, मी काहून उतरली गाडीतून..."

डॉक्टर माझ्याकडं पाहायला लागले. मी पडद्याकडं पाहत होतो. पडद्यावर खाटेशेजारी कोणी नव्हतं. फक्त बाई होती, आमच्याकडं पाहत, शांत श्वास घेत.

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "एक करा. कॅमेऱ्यासमोर हात धरा. पाचही बोटं दिसतील असा."

"धरला, सर."

पडद्यावर हात आला नाही.

"धरला का?"

"धरूनच हाय सर... दिसून नाई राहिला का?"

मी ती दाबलेली खिडकी वर काढली. आलेले तुकडे शून्य. शेवटचा तुकडा एक वाजून बारा मिनिटांनी. एकोणीस मिनिटं आम्ही माझी भरणी पाहत बसलो होतो.

गावातले फोन थंडावले असतील. चित्र परत यायला लागलं, चौकोन चौकोन करून. आधी चादरीचे नवे तुकडे आले. मग सलाईनचा दांडा. मग सिस्टरचा हात, पाचही बोटं पसरलेला. तो बाजूला झाला आणि बाईचा चेहरा आला. तोंड उघडं, ओठ निळे, उघड्या डोळ्यावर माशी बसलेली. छातीवरचे तुकडे मात्र अजून पोचले नव्हते. तिथं भरणी चालूच होती. चेहरा मेलेला आणि त्याखाली छाती वरखाली होऊन राहिलेली, सावकाश, मिनिटाला अठरा. डॉक्टर खुर्ची लाथाडून उठले आणि कोपऱ्यात जाऊन ओकले. मग ते तुकडेही आले, आणि छाती थांबली.

पाणी पितो जरा, साहेब. तोंडाला सारखं पाणी सुटून राहिलं, तरी घसा कोरडा आहे. वास वाढलाय. तुम्ही चहा घ्या.

म्हातारा वाचला, हेही लिहून घ्या. सिस्टरनं वाचवला तो.

आता तुम्ही विचाराल की चूक माझी होती तर शिक्षा सिस्टरला कशी झाली. अहो, तुमच्याच लोकांनी दिली! रेकॉर्डिंग अकोल्यात झालं होतं, म्हणजे भरणीसकट. समितीनं काय पाहिलं? बाई सुधारतेय, डोळे उघडतेय, श्वास अठरावर आलाय, आणि सिस्टर गाडीत चढल्याबरोबर मेली. म्हणजे सिस्टरनंच चढून काहीतरी चुकीचं टोचलं. ती बिचारी पुन्हा पुन्हा सांगत होती की मी गेली तवा बाई मेलेली होती. समितीचे अध्यक्ष हसून म्हणाले, "सिस्टर, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय तिला जिवंत." डोळ्यांनी पाहिलंय म्हणे! गाढवाला दिसतं त्याहून कमी दिसत होतं त्यांना. डॉक्टरनं तोंडातून ब्र काढला नाही. आणि मी? माझ्या खिशात नोंदीचा कागद होता. आमच्या कंपनीच्या साहेबानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दाबला. नोकरी पक्की होणार होती माझी. मी मान खाली घातली. तुमच्या सगळ्यांवर मी थुंकतो खरा, पण त्या हॉलमध्ये सगळ्यांत हलकट माणूस मी होतो, दुसरा कोणी नाही.

आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. ती नोंदीतही दिसणार नाही. भरणी नवीन काही करू शकत नाही, साहेब. जे शेवटचं आलं तेच ती घोळवते. शेवटचा श्वास चौतीसच्या चालीचा होता. भरणीनं दहा वर्षं श्वास घेतला असता तरी तो चौतीसच राहिला असता. अठ्ठावीस झाला कसा? अठरा झाला कसा? आणि खरं चित्र येत होतं तोवर पार्बताबाईनं डोळे एकदाही उघडले नव्हते. मग तो डोळा कुठून आणला माझ्या प्रोग्रॅमनं? मी प्रत्येक ओळ तपासली, तीन वर्षं तेच केलं. त्यात असं काही नाही. एवढंच कळतं की इकडं बाई मरत होती तेव्हा तिकडं कोणीतरी सुधारत होतं.

गेल्या महिन्यात मी अंजनगाव सुर्जीला गेलो. सिस्टर तिथं भावाच्या कापडाच्या दुकानात बसते. मला पाहून तिनं कापड मोजायचा गज खाली ठेवला.

"काहून आले?"

"सिस्टर, नोंद आहे माझ्याकडं."

"मालूम हाय मले. त्या दिवशी बी होती. खिशावर हात ठेवून बसले होते तुमी."

"माफ करा म्हणायला आलो."

"माफी नको मले. बोला फक्त. एक डाव, लोकाइसमोर. मंग माह्या दारात येऊ नका."

म्हणून बोलून राहिलो. आणि आज हे बोलणं बिघडू नये म्हणून काल रात्री मी स्वतः या प्रोग्रॅममध्ये मर्यादा परत घातली, दोन्ही बाजूंना. दोन सेकंद काही आलं नाही की चौकट काळी. त्यामुळे मी तुम्हाला दिसतोय तोवर मी खरा, तुम्ही मला दिसताय तोवर तुम्ही खरे. झाली माझी साक्ष. काही विचारायचं असेल तर विचारा.

विचारा ना.

साहेब?

मघापासून नुसती मान डोलावून राहिले. बाई, तुम्हीही... तुमचा पेन त्याच ओळीवर आहे. पान उलटलं नाही तुम्ही. अर्धा तास झाला मी बोलून राहिलो.

चहा. तुमच्या चहातून अजून वाफ निघून राहिली.

साहेब, एक करा. कॅमेऱ्यासमोर हात धरा. पाचही बोटं... हात म्हटलं मी. मान नका हलवू, हात!

बरं. बरं, मी धरतो. हा पाहा उजवा हात. अगदी काचेला लावला. दिसतो का? खालच्या चौकटीत मला दिसायला पाहिजे... तिथं मी बसलोय. तोंड मिटून. दोन्ही हात टेबलावर. पाण्याचा गिलास भरलेला. मी तर तो केव्हाच पिऊन टाकला.

काळी कशी झाली नाही चौकट? मी स्वतः घातली होती मर्यादा. दोन सेकंद. स्वतः घातली होती.

थांबा. फोन वाजून राहिला. यास्मीन सिस्टरचा आहे.

"नितेशभाऊ?"

"बोला सिस्टर! मी सगळं सांगतलं, आत्ताच..."

"हॅलो... नितेशभाऊ?"

"आवाज येते का? सिस्टर?"

"...पुण्याहून फोन आला होता. एक वाजल्यापासून वाट पाह्यली म्हणे त्यायनं. तुमी लाइनवर आलेच नाई. प्रकरण बंद केलं."

"मी इथंच हावो! बोलूनच राहिलो मी! फाइल बी पाठवली!"

"हॅलो... काईच ऐकू नाई येत. तुमी ऐकत असान तर ऐका. दुसऱ्या डाव चूप बसले तुमी. मले वाटलंच होतं."

ठेवला तिनं.

एक शब्द नाही पोचला. नोंद नाही पोचली. तिले वाटते मी पुन्हा शेपूट घातली. आणि साहेब मान डोलावून राहिले, बाई लिहून राहिल्या, चहा गरम हाय. मग मी कोणाले सांगून राहिलो हे सारं?

कंप सुटला हाताले. वास... नाकातोंडात भरला. खालच्या चौकटीत मात्र तो मजेत बसला हाय. छाती वरखाली होऊन राहिली त्याची. मोजतो. घड्याळ लावून मोजतो.

चौतीस.

...अठ्ठावीस.

मले दम लागून राहिला, अन् त्याचा श्वास उतरून राहिला. सुधारून राहिला तो, पडद्यावरची पार्बताबाई सुधारली तसा.

आता त्यानं डोळे वळवले. मी नाई वळवले, मी घड्याळाकडं पाहून राहिलो. पाह्यते माह्याकडं... अन् मंग माह्या मांगं पाह्यते, दाराकडं, तिथं कोणी आल्यावानी. एकडाव मी, एकडाव दार. एकडाव मी, एकडाव दार.